बीपीची गोळी: रोज, अधूनमधून की नकोच?

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांत बीपीचा विषय निघाला की दोन तट पडतात. "एकदा चालू केली की जन्माची चिकटली," हा एक. "घे की गप, एक गोळी तर आहे," हा दुसरा. तिसरा तट वादात पडत नाही: डोकं दुखलं की गोळी घ्यायची, बरं वाटलं की पाकीट कपाटात. निवड या तिघांतून करायची आहे.

आधी आकडा खरा आहे का ते बघा

जिना चढून, चहा पिऊन लगेच मोजलेलं बीपी धरू नका. अर्धा तास आधी चहा-तंबाखू बंद, लघवी करून यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं. पाय जमिनीला, दंड छातीच्या उंचीवर, पट्टा उघड्या दंडावर. तालमीत कमावलेल्या जाड दंडाला नेहमीचा पट्टा लहान पडतो आणि आकडा उगाच वर दाखवतो. मोठा पट्टा मागून घ्या. घरी सात दिवस, सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजा, पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती 135/85 किंवा त्याहून जास्त आली तर बीपी आहे. दवाखान्यात हीच रेषा 140/90 ला धरतात.

"नकोच" कुणाला परवडतं

दवाखान्यातला वरचा आकडा 140 ते 159 आणि खालचा 90 ते 99 असेल, मधुमेह, हृदयविकार, किडनीचा आजार यांपैकी काही नसेल, तर डॉक्टरांना विचारून तीन महिने गोळीविना बघता येतं. पण ते तीन महिने मनापासून पाळायचे. दिवसाचं सगळं मीठ मिळून 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. कांदा-लसूण चटणीत मीठ आधीच असतं, फरसाणात असतं, पापड-लोणच्यात तर असतंच. त्यामुळे "मी वरून घेत नाही" हे उत्तर मिसळीच्या प्लेटपुढे टिकत नाही. वजन एक किलो उतरलं की वरचा आकडा साधारण एकाने उतरतो. रोज अर्धा तास भरभर चाला. गप्पा मारत रमतगमत चालणं यात धरू नका.

आकडा 160/100 च्या वर असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. गोळी आणि पथ्य दोन्ही एकदम.

"मला काहीच होत नाही, मग गोळी कशाला?" हे न घेण्याचं सगळ्यात जुनं कारण. बीपी बहुतेकदा दुखत नाही, हीच त्याची खोड आहे. वरचा आकडा 10 ने उतरला तर पक्षाघाताचा धोका साधारण पाव हिश्श्याने कमी होतो; तोही दिसत नाही.

"गोळीने किडनी जाते" या भीतीचं मूळ वेगळं आहे. किडनीच्या बहुतेक रुग्णांच्या हातात बीपीची गोळी दिसते, म्हणून दोष तिला लागतो. किडनी बिघडवतं ते वाढलेलं बीपी, आणि बिघडलेली किडनी बीपी आणखी चढवते. टेल्मिसार्टन (बीपीची एक नेहमीची गोळी) सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते त्यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासा. ती चालू असताना 'कमी सोडियमचं' मीठ डॉक्टरांना न विचारता आणू नका, त्यात पोटॅशियम असतं. गुडघेदुखीसाठी मनानेच डायक्लोफिनॅक घेणं मात्र खरंच किडनीला आणि बीपीला, दोघांनाही बाधतं.

रोज घेणाऱ्यांच्या तक्रारी

तक्रारी खऱ्या असतात, पण बहुतेकींवर तोड असते. ॲम्लोडिपिनने घोट्याला सूज येते. ती किडनीची नसते. मात्रा 10 वरून 5 मिलिग्रॅम करून जोडीला टेल्मिसार्टन दिली की बहुधा उतरते. लघवीची गोळी (लघवी वाढवून बीपी उतरवणारी) देऊन ही सूज नीट हटत नाही. रामिप्रिल, एनालाप्रिलने कोरडा खोकला लागला तर गोळी बदलून मिळते. लघवीची गोळी सकाळी घ्या, रात्रीची झोप वाचेल. एकाच गोळीची मात्रा दुप्पट केल्याने परिणाम दुप्पट होत नाही, म्हणून डॉक्टर दोन गोळ्या थोड्या-थोड्या देतात. संख्या बघून घाबरायला नको. गरोदरपणाचा विचार असेल तर आधीच सांगा. टेल्मिसार्टन आणि रामिप्रिल तेव्हा चालत नाहीत.

खर्चाचं म्हणाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि सीपीआरमध्ये (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) या नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात. तिथे साठा नसेल तर जनऔषधी दुकानात मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम सांगा.

अधूनमधून: आमच्या मते सगळ्यात वाईट

ॲम्लोडिपिनचा पूर्ण जोर यायला आठवडाभर लागतो. डोकं दुखलं म्हणून घेतलेली गोळी तासाभरात काही करत नाही. डोकं आपोआप थांबतं आणि श्रेय गोळीला जातं. ॲटेनोलॉल किंवा क्लोनिडिन अचानक सोडली तर बीपी उलट उसळतं, छातीत दुखूही शकतं. त्याहून छुपा घोटाळा असा: चार दिवस गोळी चुकवून दाखवायला गेलात, डॉक्टरांना 170 दिसलं, त्यांनी आणखी एक गोळी लिहिली. मग घरच्यांच्या धाकाने दोन्ही नियमित घेतल्या की उठता-बसता गरगरतं आणि पुन्हा "गोळी सोसत नाही" म्हणून बंद. गोळ्या चुकल्या असतील तर तपासणीआधीच सांगा.

एखादी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी दोन नकोत. एकादशीचा उपवास असला तरी पाण्याबरोबर घ्या. जुलाब-उलट्या लागल्या तर टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी तात्पुरती थांबवायची का, ते त्याच दिवशी फोनवर विचारा.

पावसाळ्यात आणखी एक. टेल्मिसार्टन हवेतली ओल लवकर धरते. आठवड्याच्या डबीत मोकळी काढून ठेवू नका, पाकिटातून घ्यायच्या वेळीच फोडा.

आकडा 180/120 च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं यातलं काही असेल, तर घरी जास्तीची गोळी देत बसू नका, जिभेखाली तर नाहीच. 108 ला फोन करा.