अल कपोनचं पिस्तूल की अल कपोनचं घर?

जुन्या वस्तू जमवणारा एक मित्र अडलाय: बदनाम माणसांच्या वस्तू घ्याव्यात, की त्यांची घरं वाचवायला पैसे लावावेत? शिकागोचा गुंड अल कपोन घेऊन बघू, त्याच्या वस्तूही विकल्या गेल्यात आणि घरही.

पैसा आधी. 2021 मध्ये कपोनच्या नातींनी त्याच्या वस्तू लिलावात काढल्या. त्याचं लाडकं कोल्ट .45 पिस्तूल साडेआठ लाख डॉलरच्या वर गेलं. मायामी बीचच्या पाम आयलंडवरचं त्याचं घर त्याच वर्षी एक कोटीहून जास्त डॉलरना विकलं गेलं. म्हणजे घर एकट्याच्या खिशाचं कामच नाही.

टिकाऊपणात तर घर सपशेल हरतं. 1928 मध्ये घेतलेलं, 1947 मध्ये कपोन जिथे मेला ते हे घर 2023 मध्ये पाडलं. पिस्तूल कपाटात मजेत राहतं. घराला खारी हवा, गळकं छप्पर आणि बिल्डर, तिन्ही पुरून उरतात.

खरेपणात मात्र घर पुढे. पत्ता खोटा पाडता येत नाही. वस्तूचं सगळं कागदावर: लिलावात घराण्याचं पत्र सोबत होतं म्हणून ठीक, नाहीतर ‘कपोनचं घड्याळ’ म्हणून कुणीही काहीही गळ्यात मारेल.

आणि उदात्तीकरण? पिस्तूल हातात घेतलं की माणूस हरखतोच. घरात निदान मारल्या गेलेल्यांबद्दल फलक लावता येतो.

एकट्याचा छंद असेल तर कागदपत्रांसकट एखादी छोटी वस्तू, शक्यतो पत्र. गावाला इतिहास सांगायचा असेल तर घर, पण पालिका किंवा संस्था पाठीशी असेल तरच.