लाकडी मुळाक्षर पाटी: घेताना आधी ळ शोधा

आमची लेक दिवाळीत चार वर्षांची झाली. इंग्लिश मीडियमच्या नर्सरीत जाते, ए टू झेड तोंडपाठ आहे, पण आमच्या दारावर मराठीत लिहिलेलं आमचंच आडनाव तिला नक्षी वाटायचं. ते मला फार लागलं. तेव्हा ठरवलं की मराठी अक्षरं घरीच शिकवायची, तीही वही पेन्सिल न देता, कारण तिची बोटं अजून पेन्सिल धरायला तयार नाहीत आणि जबरदस्तीने गिरवायला लावलं की मुलं कायमची कंटाळतात. त्यासाठी लाकडी पाटी घेतली, ती पाच महिने वापरली, आणि आता लिहिते आहे. नावं मुद्दाम देत नाही, साधारण अशाच पाट्या बरेच जण विकतात, त्यामुळे घेताना काय बघायचं ते सांगितलेलं जास्त उपयोगाचं.

आधी जी परत केली तिच्याबद्दल. ऑनलाइन मागवली होती, वर्णनात स्पष्ट 'मराठी मुळाक्षरे' लिहिलेलं. बॉक्स उघडला तर ख च्या शेजारी सशाचं चित्र. लेक म्हणाली, आई हा तर ससा, मग ख कशाचा? ख खरगोशचा, भ भालूचा, म्हणजे हिंदीची पाटी मराठीच्या नावाने खपवलेली. बरं चित्रांकडे दुर्लक्ष केलं असतं, पण त्यात ळ नव्हताच! ज्या पाटीत ळ नाही तिच्यावर बाळ, फळ, केळं, डोळा, शाळा यातलं काहीच लिहिता येत नाही, चार वर्षांच्या मुलाचं अर्धं जग तिथेच गेलं. ल आणि श पण हिंदी वळणाचे. आपल्याकडे २००९ च्या शासन निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीचे म्हणून ठरवून दिलेत, ॲ आणि ऑ सुद्धा वर्णमालेत घेतलेत, आणि पुढे शाळेच्या पुस्तकात मूल हेच बघणार असतं. अजून एक गोष्ट मला आधी दिसली नव्हती, सासूबाईंनी दाखवली. भ, ध आणि थ यांची शिरोरेषा सलग नसते, मध्ये खिंड असते, आणि त्या पाटीवर सगळ्यांवरून एकच सरळ रेघ मारलेली. मग भ आणि म, ध आणि घ यातला फरक मुलाने ओळखायचा कशावरून? परत पाठवली.

दुसरी घेतली ती एका प्रदर्शनातल्या स्टॉलवरून, साडेपाचशे रुपयांना. पाइनवूडची, साधारण ए-फोर कागदाएवढी, एका बाजूला स्वर आणि दुसऱ्या बाजूला ळ, क्ष, ज्ञ धरून ३६ व्यंजनं, मशीनवर खोल कोरलेली. रंग नाही, चित्रं नाहीत, नुसतं लाकूड. आधी वाटलं मुलीला बोअर होईल, पण उलट झालं, चित्र नसल्यामुळे ती अक्षराकडेच बघते. चित्राच्या तक्त्यावर मुलं कमळ बघून क म्हणतात, अक्षर वाचून नाही, हे मी घरी तपासून बघितलंय. कमळावर हात ठेवला आणि विचारलं हे काय, तर गप्प.

पाटी चांगली आहे पण दोन तक्रारी आहेत. पहिली म्हणजे ठ आणि ढ च्या खाचेत कुसळं होती, एक लेकीच्या बोटात गेलं. मी घरी बारीक पॉलिश पेपरने सगळ्या खाचा घासून घेतल्या, वीसेक मिनिटं लागली, पण नवीन वस्तूला हे करायला लागू नये. तुम्ही घेतलीत तर मुलाच्या हातात देण्याआधी स्वतःचं बोट प्रत्येक खाचेतून फिरवा. दुसरी तक्रार मोठी आहे. खाच बोटाला रस्ता देते पण सुरुवात कुठून हे सांगत नाही, बाण नाहीत, आकडे नाहीत. शिरोरेषेची खाच अक्षराला जोडलेली असल्यामुळे लेक आधी वरची आडवी रेघ, मग दांड्यावरून खाली, मग उलटी वर, असं काहीही करायची. आणि हे वळण एकदा बसलं की मोडायला महिने जातात.

याच्यावर उपाय सासूबाईंचा. त्या बरीच वर्षं बालवाडीत शिकवायच्या. त्यांनी कपाटातून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि प्रत्येक अक्षर जिथे सुरू होतं तिथे एक बारीक लाल टिकली चिकटवली. "बोट टिकलीवर ठेवायचं आणि गाडी सोडायची, डोक्यावरची रेघ सगळ्यात शेवटी." बस्स. दुसऱ्या दिवसापासून लेक स्वतःच टिकली शोधायला लागली. टिकली निघाली तर मला येऊन सांगते, आई ग ची टिकली पडली, लाव.

पाटीबरोबर पेन्सिलसारखी एक लाकडी कांडी येते, ती मी पहिले दोन महिने ड्रॉवरमध्ये ठेवली. कांडी घसरते आणि सगळं लक्ष कांडीवर जातं. तर्जनी आणि मधलं बोट जोडून फिरवायचं, आणि फिरवताना तोंडाने आवाज. मारिया मॉन्टेसरींची खरखरीत कागदाची अक्षरं अशीच वापरतात, बोटाला आकार, कानाला आवाज आणि डोळ्याला अक्षर एकाच वेळी. शिकवायची पद्धत पण तिथलीच घेतली, आधी "हा ग", मग दोनतीन अक्षरं समोर ठेवून "ग कुठाय दाखव", आणि सगळ्यात शेवटी "हे काय आहे?" आपण घाईत थेट शेवटचा प्रश्न विचारतो आणि मूल गप्प बसलं की म्हणतो येत नाही.

क्रम मात्र क ख ग घ ठेवू नका. पाटीवर तो तसाच आहे आणि म्हणायला तोच चांगला, पण हाताला तो अवघड. आपल्याकडे जुने लोक 'ग म भ न' म्हणायचे ते उगाच नाही, वळणं जवळची म्हणून एक आलं की दुसऱ्याला हात आपोआप वळतो. आम्ही म पासून सुरुवात केली कारण तिचं नाव म ने सुरू होतं, मग ग, मग न. मग व, आणि व च्या पोटात तिरकी रेघ दिली की ब. प च्या पोटात दिली की ष. हे तिला जादू वाटतं, रोज एकदा तरी "व चा ब करूया" चालतं.

आता पाटी एवढीच वापरून भागेल का, तर नाही. पाटी बोटाला वळण देते, त्यापुढे मुलाला ते अक्षर खाचेशिवाय स्वतः काढता यायला हवं. तिथे स्वयंपाकघर कामाला येतं. स्टीलच्या ताटात मूठभर रवा पसरायचा, पातळ थर, तळ दिसायला हवा, आणि पाटीवर जे अक्षर फिरवलं तेच लगेच ताटात. चुकलं की ताट हलवायचं, गेलं! खोडरबर नाही, फाटलेलं पान नाही, चूक कुठे उरतच नाही. पूर्वी मुलं धुळाक्षरं गिरवायची, फळ्यावर धूळ पसरून बोटाने, ती हीच गोष्ट. रांगोळी पण वापरून बघितली, अक्षर सुंदर उठतं, पण या वयात हात डोळ्याला जातो म्हणून बंद केली. चिंचोके अक्षरावर मांडायला मस्त आहेत, फक्त घरात तीनपेक्षा लहान भावंडं असतील तर नको, आणि मोठ्यांनीही समोर बसूनच.

आणि कडबोळी. हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. दिवाळीत भाजणीचं पीठ मळलेलं होतं, सासूबाई कडबोळी वळत होत्या, लेक शेजारी पाटावर. तिला एक गोळा दिला. तिने दोन्ही तळव्यांनी लांब वळकटी केली, थोडी तुटली, परत जोडली, आणि कडबोळ्यासारखा वेढा न घालता एक टोक वळवून व केला. दांडा लावला. डोक्यावर रेघ ठेवली. कोणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी काही न बोलता तो व झाऱ्यावर घेतला आणि तेलात सोडला, मग ट, मग ठ, मग एक वाकडा न. ताटात बाकीची कडबोळी एका बाजूला आणि तिची अक्षरं एका बाजूला. ट तिने गरम गरम खाल्ला आणि ठ बाबांसाठी झाकून ठेवला. दिवाळीशिवाय हेच कणकेवर होतं, पोळ्या करताना एक छोटा गोळा द्यायचा, आपलं काम चालू, तिचं काम चालू. बोटांना ताकद येते ती वेगळीच, पुढे पेन्सिल धरायला तीच लागते.

सासूबाई ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल नेहमी बोलतात. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, नंतर ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि तिथे महागडी साधनं परवडणार नाहीत म्हणून बिया, पानं, शंखशिंपले, दगड जे आजूबाजूला मिळेल त्याचीच साधनं केली. माझ्या साडेपाचशेच्या पाटीपेक्षा रव्याच्या ताटाने जास्त काम केलं हे मी बघितल्यावर मला ते नीट कळलं. पाटी नकोच असं म्हणत नाही, सुरुवातीच्या दोन महिन्यांत तिचा खूप उपयोग झाला, पण पैसे नसतील तर जाड पुठ्ठ्यावर फेविकॉलने मोठं अक्षर काढून त्यावर रवा भुरभुरवा, वाळला की खरखरीत अक्षर तयार. आम्ही जोडाक्षरांसाठी तेच करणार आहोत.

पाटीची अजून एक मर्यादा म्हणजे काना मात्रा वेलांटी काही नाही. नुसत्या मुळाक्षरांवर मूल नळ, घर, कप एवढंच वाचणार. आम्ही आइस्क्रीमच्या काड्या धुऊन ठेवल्या आणि त्याच काना केल्या. पुठ्ठ्यावरचा म, शेजारी काडी, झाला मा. अजून एक म, अजून एक काडी, मामा! मग काका, बाबा, दादा. मामाला व्हिडिओ कॉल करून तो शब्द दाखवला तर मामा इतका खूश झाला की लेकीने त्या दिवशी घरातल्या सगळ्यांची नावं मागितली. आजी लिहायला वेलांटी लागली तर सासूबाईंनी काळ्या लोकरीचा तुकडा आणला. विकणाऱ्यांनी काना-मात्रांचे सुटे तुकडे बरोबर दिले तर मी शंभर रुपये जास्त देईन, स्टॉलवाल्या ताईंना सांगून पण आलेय.

मॅग्नेटची अक्षरं फ्रिजसाठी घेतली होती, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मॅग्नेट हलके आहेत, पडतात, आणि प्रत्येक अक्षर एकदाच मिळतं म्हणजे मामा लिहिताच येत नाही.

दिवसाला दहा मिनिटं, त्यापेक्षा जास्त आम्ही कधी बसलो नाही. ती उठली की विषय संपला. काही दिवस तर पाटीला हातही लावला नाही, चालतं. तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर पाटी घाईने घेऊ नका, त्या वयात नुसतं पीठ मळणं, डाळी निवडणं, गाणी म्हणणं पुरे. साडेतीनच्या पुढे असेल, मराठी घरात बोलली जात असेल आणि रोज कोणीतरी शेजारी बसणार असेल तरच घ्या, एकट्या मुलाच्या हातात दिली तर ते लाकूडच आहे. पाच महिन्यांत लेकीला वीसेक अक्षरं पक्की येतात, ड आणि इ मध्ये अजून गडबड होते, क्ष ज्ञ ला आम्ही हात लावलेला नाही.

ळ मात्र तिचा लाडका. पाटीवर पहिल्यांदा बोट फिरवलं तेव्हाच म्हणाली, "आई, हा तर झोपलेला एट आहे!" तेव्हापासून ळ दिसला की ओरडायचं असा खेळ आहे. केळ्यांच्या गाडीवरच्या पाटीवर, शाळेच्या बसवर, माळ्याच्या दुकानावर. आम्ही डोंबिवलीला राहतो, गेल्या मंगळवारी गणपतीला टिटवाळ्याला निघालो, गाडी स्टेशनात शिरत होती आणि ती खिडकीच्या गजाला नाक लावून बसलेली. पिवळी पाटी जवळ आली. ती म्हणाली, ट. मग परत, ट. मग थोडं थांबून, व. आणि मग अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं ओरडली, "आजी, झोपलेला एट! ळ! आणि त्याला काडी पण लावलीये!" समोर बसलेल्या आजोबांनी वळून पाटीकडे बघितलं आणि म्हणाले, बरोबर, ळा.