हातांनी केलेली फिजिओथेरपी : दोन दवाखाने, सहा सेशन आणि एक मान

मुद्रितशोधनाच्या कामात मान तासन्‌तास खाली झुकलेली असते, आणि त्याचा हिशेब कधी ना कधी चुकता करावा लागतो. पाच महिने माझ्या मानेची उजवी बाजू धरलेली होती. मागे वळून पाहिले की खांद्याच्या पात्यापर्यंत कळ जात असे. गोळ्यांनी तेवढ्यापुरते बरे वाटे. शेवटी फिजिओथेरपीचा, तोही यंत्रांचा शेक नको तर प्रत्यक्ष हातांनी केलेल्या उपचारांचा, मार्ग धरला आणि त्यासाठी दोन ठिकाणी गेले. दोन्हीकडे दुखणे कमी झाले, तरीही मी एकाचीच शिफारस करीन.

पहिल्या ठिकाणी दोन मिनिटांच्या तपासणीनंतर मला सांगण्यात आले, की मानेचा मणका सरकला आहे आणि तो बसवावा लागेल. धोक्यांविषयी काहीही न सांगता, संमती न विचारता मान एका बाजूला वळवून झटका दिला गेला, ‘कट’ असा आवाज झाला आणि खरोखरच हलके वाटले. तिसऱ्या दिवशी दुखणे परतले, मात्र या वेळी सोबत भीतीही आली. मणका पुन्हा सरकेल या धास्तीने मी मान वळवणेच टाळू लागले आणि परिणामी ती आणखी आखडली.

दुसऱ्या ठिकाणच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिली वीस-पंचवीस मिनिटे नुसते ऐकण्यात आणि तपासण्यात घालवली. हाताला मुंग्या येतात का, पकड सैल झाली आहे का, चक्कर येते का, झोप कशी लागते, हे सारे विचारून झाल्यावर त्यांनी लहान हातोडीने हाताच्या प्रतिक्षिप्त क्रिया पाहिल्या. मग मला उजवीकडे वळायला सांगून नजर भिंतीवर कुठवर पोहोचते ते लक्षात ठेवायला सांगितले. माझी नजर खिडकीच्या अलीकडे अडकली. त्यानंतर पालथे झोपवून त्यांनी दोन्ही अंगठे मानेच्या कण्याला लागून ठेवले आणि एका लयीत, अगदी सावकाश दाब द्यायला सुरुवात केली. मी श्वास रोखला की त्यांचा दाब लगेच हलका होई, “दहापैकी किती दुखतंय?” हा प्रश्न मधूनमधून येत राही. दहा-बारा मिनिटांनी उठून वळले, तर खिडकीची पलीकडची चौकट दिसली.

“बसला का मणका?” मी विचारले.

“सरकलाच नव्हता, तर बसणार कुठून? तुमच्या मानेला थोडा वेळ निर्धास्त केलं, एवढंच,” त्या म्हणाल्या.

या उत्तराने माझी भीती निम्मी झाली, आणि त्यामागचे शास्त्र समजून घेतल्यावर उरलेलीही गेली. गुडघा आपटला की आपण तो चोळतो, हे लहान मूलही करते. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांताने त्याचे कारण दिले. स्पर्श आणि दाब यांचे संदेश जाड, वेगवान तंतूंतून, सेकंदाला सुमारे 35 ते 75 मीटर वेगाने जातात. ठणक्याचे संदेश वाहणारे बारीक तंतू सेकंदाला जेमतेम 2 मीटरपर्यंत मजल मारतात. दोन्ही मज्जारज्जूच्या मागच्या भागात येतात, आणि तेथे स्पर्शाचे संदेश वेदनेच्या संदेशांना पुढे जाण्यापासून काही अंशी अडवतात. सिद्धांताच्या तपशिलात पुढे बरीच दुरुस्ती झाली, मूळ कल्पना मात्र टिकली. याखेरीज मध्यमेंदूतील केंद्रांपासून मज्जारज्जूकडे उतरणाऱ्या वाटाही वेदनेला आवर घालतात, आणि त्यांत शरीर स्वतःच तयार करत असलेली, अफूसारखा परिणाम असलेली रसायने वापरली जातात. त्यांपैकी एन्केफॅलिनचा शोध 1975 मध्ये लागला. समोरच्या माणसावरचा विश्वास आणि बरे वाटेल ही अपेक्षा याच वाटा जागवते, म्हणून पहिली वीस मिनिटे ऐकून घेणे हाही मला उपचाराचाच भाग वाटतो.

मग ‘हाड बसवणे’ म्हणजे काय? 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कंबरेखालच्या सांध्यावर हाताने उपचार करण्यापूर्वी आणि केल्यानंतर अतिशय सूक्ष्म क्ष-किरण मोजणी केली गेली. सांध्याची जागा बदललेली आढळली नाही. 2015 मध्ये बोटे मोडताना घेतलेल्या एमआरआय चित्रफितीत दिसले, की तो आवाज सांध्यातील द्रवात अचानक पोकळी तयार होण्याच्या क्षणी होतो. म्हणजे ज्या आवाजाने मी इतकी सुखावले होते, त्याचा मणका जागेवर बसण्याशी संबंध नव्हता. पहिल्या ठिकाणी मिळालेला आराम खरा होता, पण त्याचे दिलेले कारण चुकीचे होते, आणि चुकीच्या कारणाने मला महिनाभर जखडून ठेवले.

या उपचाराची मर्यादाही तितकीच खरी आहे. आराम काही तासांचा, फार तर काही दिवसांचा असतो. पहिल्या सेशनचा परिणाम माझ्या बाबतीत दुसऱ्या संध्याकाळपर्यंत टिकला. बाईंचे कौशल्य मला इथे दिसले: मान मोकळी असतानाच, टेबलावरून उतरल्या उतरल्या, त्या तीन व्यायाम करून घेत. तिसऱ्या सेशनला मी हट्टाने गाठीवर जोरात दाबायला लावले आणि पुढचे दोन दिवस ठणका सोसला. जोर वाढवला की गुण वाढतो हा समज त्या दिवशी गेला. सहाव्या सेशनअखेर मान जवळजवळ पूर्ण वळू लागली. लांबलचक कामाच्या दिवशी संध्याकाळी थोडे जड वाटते, ते अजून गेलेले नाही.

तक्रार एकच, की व्यायाम लिहून दिले जात नाहीत. घरी आल्यावर हनुवटी आत घेण्याच्या व्यायामाची दिशाच आठवेना आणि दोन दिवस मी तो चुकीचा केला.

हातातली ताकद कमी होत असेल, चालताना तोल जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल, ताप असेल, विनाकारण वजन घटत असेल किंवा दुखणे अपघातानंतरचे असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे. मानेला झटका देण्याने रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या दुर्मीळ पण गंभीर घटना नोंदलेल्या आहेत. झटक्यापूर्वी हे सांगून तुमची संमती घेतली जात नसेल, तर टेबलावरून उठावे.

बाईंकडे मी पुढच्या महिन्याची वेळ घेतली आहे. या वेळी हातांचा उपचार नाही; व्यायामातले वजन वाढवायचे आहे, आणि मी वही घेऊन जाणार आहे.