आधी टॅक्स भरा, मग तुमचे पैसे घ्या

‘जिंकलेले पैसे काढायचे असतील तर त्यावरचा टॅक्स आधी या खात्यात भरा’ असं कोणी सांगितलं, तर पुढचं ऐकूच नका. माझ्या धाकट्या भावाने ऐकलं आणि ४,५६,२०० रुपये घालवून बसला. हे त्याच्या संमतीने लिहितोय. त्याचं नाव तेवढं देत नाही.

भाऊ अडाणी नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात एका पेढीवर हिशेबनीस आहे. ऑनलाइन गेममध्ये जिंकलेल्या रकमेवर एप्रिल २०२३ पासून ३० टक्के टीडीएस कापतात, हे त्याला तोंडपाठ. नेमकं तेच नडलं.

सुरुवात २०२५ च्या आयपीएलमध्ये झाली. टेलिग्रामवर सट्ट्याच्या साइटचा ‘आयडी’ देणारे पुष्कळ बसलेले असतात. एकाने लिंक आणि पासवर्ड पाठवला. पैसे यूपीआयने भरायचे. क्यूआर कोड दर वेळी नवा, त्यावरचं नावही दर वेळी वेगळं. कधी फळांचं दुकान, कधी कुठल्याशा बाईचं नाव. त्याने विचारलं तेव्हा ‘सर, लिमिट संपतं म्हणून बदलतो’ असं उत्तर मिळालं. महिनाभरात ९,५०० रुपये काढून पाहिले, अर्ध्या तासात खात्यात आले. मग विश्वास बसला.

नागपूरचं २०२३ चं प्रकरण आठवा. एका व्यापाऱ्याचे ऑनलाइन जुगारात ५८ कोटी गेले आणि गोंदियाच्या बुकीच्या घरावर पोलिसांचा छापा पडला. त्या व्यापाऱ्यालाही आधी जिंकू दिलं होतं, पाच कोटीपर्यंत. रक्कम मोठी असो की लहान, पहिला पैसा परत येतोच.

सामने संपल्यावर त्याच आयडीवर तीन पत्ती सुरू झाली. ऑगस्टपर्यंत भावाने ८५,००० भरले होते आणि स्क्रीनवर ६,४०,००० दिसत होते. त्याच महिन्यात संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. मोठ्या कंपन्यांनी दोन-चार दिवसांत पैशाचे खेळ बंद केले. आयडीवाल्याने या बातमीचाच फायदा उठवला. ‘सर, बंदी आली, पॅनल शनिवारी बंद होणार. पैसे काढून घ्या. फक्त ३० टक्के टीडीएस आधी भरावा लागेल.’ सोबत सरकारी बोधचिन्ह छापलेली पावती.

१,९२,००० रुपये. बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून भावाने ते चार तुकड्यांत, चार नावांवर भरले. दुसऱ्या दिवशी २८ टक्के जीएसटीची मागणी आली, १,७९,२००. तेही पतसंस्थेतून उचलून भरले. तिसऱ्यांदा ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ मागितलं तेव्हा त्याने मला फोन केला.

खरा टीडीएस खेळ चालवणारी कंपनी तुमच्या रकमेतूनच कापते, उरलेलं देते आणि कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर आयकर खात्याच्या नोंदीत दिसते. कोणाच्या यूपीआयवर कर भरायचा नसतो. भावाला हे माहीत नव्हतं थोडंच? पण सहा लाख डोळ्यांसमोर दिसत असताना माणूस नियमातला सोयीचा अर्धा भागच आठवतो.

आता सरकारबद्दल. ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी घेतला जात होता. सरकार कर घेतं म्हणजे धंदा कायदेशीर असणार, असं आमच्या यार्डातला प्रत्येक जण म्हणायचा, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? मग एक दिवस सरकारच सांगतं की ४५ कोटी लोक या खेळांत वर्षाला सुमारे २०,००० कोटी घालवतात. आपल्याकडे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा सभागृहात मोबाइलवर रमी दिसणारा व्हिडिओ गाजला. आपण जाहिरात बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. कृषी खातं गेलं आणि मिळालं कोणतं, तर क्रीडा!

कायदा कागदावर कडक आहे. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. पण बंद झाल्या त्या नोंदणी असलेल्या कंपन्या. टेलिग्रामवरच्या आयडीवाल्याने नोंदणी कधी केलीच नव्हती. ‘महादेव’ या सट्ट्याच्या ॲपची सूत्रं दुबईतून हलत होती, तरी पैसे फिरायला खाती इथलीच लागतात, आपल्या केवायसीवर उघडलेली आणि भाड्याने दिलेली. माझ्या मते सरकारने हात घालायची जागा ही आहे.

या कायद्यातली एक गोष्ट मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावी. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, त्याला बळी मानलं आहे. आयडीवाला भावाला बजावत होता, ‘तक्रार केलीत तर नवीन कायद्यात तुम्हीच आत जाल.’ त्या भीतीने भाऊ काही दिवस गप्प बसला आणि तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यांत गेले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा त्यातले ३१,००० कुठेतरी अडवता आले. पैसे गेल्यावर पहिल्या तासाभरात फोन झाला तर अडवायला वाव जास्त असतो. पोलीस ठाण्यात एकाने ‘पत्ते खेळताना विचारलं होतंत का आम्हाला?’ असं सुनावलं. भाऊ उठायलाच निघाला होता, मी दंड धरून बसवला. व्यवहारांचे यूटीआर क्रमांक, चॅट आणि क्यूआरचे स्क्रीनशॉट जपून ठेवले होते, त्यामुळे तक्रार पुरी लिहिली गेली.

पुढचा फटका कोणी सांगत नाही तो. भावाचं पगाराचं खातं गोठलं. ते सुरुवातीचे ९,५०० दुसऱ्या राज्यात फसवलेल्या कोणाचे तरी होते आणि तिथल्या सायबर पोलिसांनी माग काढत इथवर आणला होता. बँक म्हणते त्यांचं पत्र आणा. तिकडचा फोन उचलला जात नाही. यूपीआय बंद, हप्ते थकलेले, पगार पेढीतून रोख घ्यावा लागतो.

मध्यंतरी एक ‘सायबर सेल’वाला फोनवर आला. अडकलेले ३१,००० आठवड्यात सोडवून देतो म्हणाला. फक्त ४,९९९ रुपये फाइल चार्ज, यूपीआयने. भावाने तो नंबर आधीच्याच तक्रारीत जोडून दिला.