परराज्यातील पदवीचे सांगलीतील दुकान

विश्रामबागेतील एका प्रवेश मार्गदर्शन केंद्रात पुतणीच्या एम.कॉम.साठी आम्ही चौकशी केली. कार्यालय ऐसपैस आहे, चहाही चांगला मिळाला आणि माहितीपत्रकावर परराज्यातील एका विद्यापीठाचे बोधचिन्ह ठसठशीत छापलेले होते. मात्र पैसे भरलेल्या एका विद्यार्थ्याची पावती पाहिली, तेव्हा तिच्यावर विद्यापीठाचे नावही नव्हते, शिक्का केंद्राचाच होता.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2020 च्या विनियमांनुसार राज्य विद्यापीठाचे दूरशिक्षणाचे अभ्यासकेंद्र त्याच्या राज्याबाहेर चालवता येत नाही, फ्रँचायझी देण्यासही मनाई आहे. मान्यताप्राप्त ऑनलाइन अभ्यासक्रमाला मात्र राज्याची हद्द आड येत नाही. आमचा अभ्यासक्रम यांपैकी कोणत्या प्रकारचा, हे विचारताच समोरच्या गृहस्थांनी ‘दोन्ही एकच हो’ म्हणून विषय गुंडाळला. अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याने स्वतः काढायच्या डेब आयडीचा (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या ओळख क्रमांकाचा) तर त्यांनी उल्लेखही केला नाही.

तक्रार कुठे करायची, या प्रश्नावर ‘आमच्याकडेच या’ असे उत्तर मिळाले. वास्तविक विद्यापीठाची तक्रार निवारण समिती, त्यानंतर यूजीसीच्या 2023 च्या विनियमांनुसार विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेला लोकपाल आणि यूजीसीचे ई-समाधान पोर्टल हे मार्ग परराज्यातील विद्यार्थ्यालाही खुले आहेत. पण पावती विद्यापीठाची नसेल, तर आपण तिथले विद्यार्थी आहोत हे आधी सिद्ध करताना नाकी नऊ येणार.

पाचपैकी एक तारा, तोही चहासाठी. पुतणीचा अर्ज आता इग्नू या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाकडे भरला आहे.