भित्र्या कुत्रीसाठी ऑनलाइन ॲजिलिटी सेट: बोगदा घ्या, फळी घरी बनवा

मुलीने पुण्यात बसून ऑर्डर केला आणि साताऱ्याच्या पत्त्यावर पाठवला, तो हा सेट. ॲजिलिटी म्हणजे कुत्र्याने माणसाच्या इशाऱ्यावर अडथळे पार करत पळायचा खेळ. खोक्यात एक कापडी बोगदा, दोन हर्डल, एक लटकती रिंग, जमिनीत खोचायच्या सहा काठ्या, चार पाइप जोडून होणारा एक चौकोन आणि हे सगळं भरायची पिशवी. किंमत साडेचार हजारांच्या आसपास. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच माल याच फोटोंसकट वेगवेगळ्या नावांनी विकायला ठेवलेला दिसतो. मी एसटीच्या वर्कशॉपात फिटर होतो. खोकं उघडल्यावर माझी नजर आधी जोडांवर जाते, त्यामुळे परीक्षणही त्याच अंगाने होणार.

कुत्रीचं नाव ठकी. गावठी, तांबूस, खांद्यापाशी पन्नास सेंटिमीटरला जरा कमी. दोन वर्षांची आहे. माणसांना भीत नाही, गल्लीतल्या कुत्र्यांना तर हीच भिववते. पण पायाखालचं काही हललं किंवा वाजलं की खेळ खलास. गटारावरच्या लोखंडी जाळीला वळसा घालून जाणार. गच्चीच्या जिन्यात पत्र्याचा तुकडा पडला होता, तेव्हापासून गच्ची बंद. आम्हाला हिला कुठल्या स्पर्धेला न्यायचं नव्हतं, जिना चढला तरी पुष्कळ होतं. मुलीचं म्हणणं असं की, ॲजिलिटीच्या सामानावर सराव केला की अशा कुत्र्यांना धीर येतो. येतो, हे मी आता सांगू शकतो. पण सामान जसं खोक्यातून आलं तसं वापरलं असतं तर उलट झालं असतं.

सेट घेताना लोक त्यात वस्तू किती आहेत ते मोजतात. भित्र्या कुत्र्यासाठी बघायचं एवढंच, की त्याने अंग टाकल्यावर वस्तू जागची हलते का, आणि हललीच तर आवाज किती करते. या कसोटीवर एकेक वस्तू घेतो.

बोगदा. सेटमधली सगळ्यात कामाची वस्तू आणि तिच्यातच सगळ्यात जास्त उणिवा. व्यास साठ सेंटिमीटर, म्हणजे स्पर्धेतल्या बोगद्याइतकाच. लांबी तीन मीटर. कापड पातळ पॉलिस्टरचं, आत तारेचं वेटोळं. जमिनीत ठोकायला खिळे दिलेत ते हिरवळीसाठी ठीक असतील. आमच्या मुरमाड जागेत पहिल्याच घावाला वाकले. खिळा धरत नाही म्हणजे कुत्री आत शिरली की बोगदा लोळतो, आणि जी वस्तू अंगाखाली लोळली तिच्यात ठकी पुन्हा जन्मात शिरणार नाही. म्हणून कुत्रीला दाखवण्याआधी रेतीची सोय केली. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत अर्धी अर्धी रेती भरली, दोन-दोन पोती पट्ट्याने जोडली आणि बोगद्यावरून खोगिरासारखी टाकली. दोन्ही बाजूंना सारखं वजन, वर दाब नाही. दोन्ही तोंडांशी एकेक जोडी आणि मध्ये एक. आता मी स्वतः रेटला तरी हलत नाही.

कापड वाजतं, ही दुसरी तक्रार. चिप्सचं पाकीट चुरगाळावं तसा आवाज येतो. त्यावर उपाय असा की, बोगदा पूर्ण दाबून, चकलीच्या जाडीचा करून, पट्ट्याने बांधून अंगणात नुसता ठेवून दिला. ठकीचं जेवण त्याच्या शेजारी. हळूहळू तिने येता-जाता हुंगायला सुरुवात केली, पुढे त्याला टेकून झोपायला लागली. तेव्हा कुठे उभा केला, तोही हातभर लांबीचाच. म्हणजे बोगदा नव्हे, नुसती चौकट. पलीकडे मुलगी मांडी घालून बसलेली, अलीकडे मी. दोर नाही, ओढाताण नाही.

इथे ठकीचं एक बघण्यासारखं होतं. पुढचे दोन पाय आत, मान ताणून मुलीच्या हातातल्या उकडलेल्या कलेजीकडे, आणि मागचे पाय होते तिथेच रोवलेले. अंग रबरासारखं लांबतं पण वजन सगळं मागे. मग जिभेने नाक चाटणार, जांभई देणार, एक पंजा उचलून तसाच धरणार. ही जांभई झोपेची नाही. कुत्रं ताणाखाली असलं की असं करतं, आणि शेपूट आत जायच्या आधी हेच दिसतं. आमचे शेजारी कुंपणावरून बघत होते. म्हणाले, "अहो, एकदा मागून ढकला की, भीती मोडेल." भीती मोडत नाही. कुत्रं आत जातं, पलीकडून सुसाट बाहेर पडतं, आपल्याला वाटतं जमलं. दुसऱ्या दिवशी ते बोगद्याच्या आणि ढकलणाऱ्या हाताच्या, दोघांच्याही जवळ येत नाही. आम्ही ती मागे फिरली की मागे फिरू दिलं, आणि त्यालाही शाबासकी दिली. परत जाता येतं हे कळल्यावरच ती पुढे यायला लागली. मग वीतभर वाढवायचं, परत वीतभर. पूर्ण लांब झाल्यावरच थोडा बाक दिला, कारण बाक दिला की पलीकडचं तोंड दिसत नाही आणि ती नवीनच परीक्षा होते.

उन्हाचं एक लक्षात ठेवा. मार्चनंतर सकाळी दहाला आतली हवा भट्टी होते. हात घालून बघा, मग कुत्रं घाला.

हर्डल. इथे मात्र कंपनीवर माझा राग आहे. ॲजिलिटीचा खेळ घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवरून आला. १९७८ साली लंडनला क्रफ्ट्सच्या श्वानप्रदर्शनात मधला वेळ भरून काढायला जॉन व्हार्ली आणि पीटर मीनवेल यांनी पहिलं प्रात्यक्षिक बसवलं, आणि लोकांना ते इतकं आवडलं की १९८० मध्ये तिथल्या केनेल क्लबने खेळाला मान्यता दिली. घोड्यांच्या अडसरातली मुख्य गोष्ट अशी की आडवा दांडा खोबणीत नुसता टेकलेला असतो. पाय लागला की पडतो, जनावर पडत नाही. आमच्या सेटमध्ये हा दांडा दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या कड्यांत घट्ट बसतो. पाय अडकला तर खांबांसकट सगळं कुत्र्याच्या अंगावर. मी कड्यांचा वरचा अर्धा भाग करवतीने कापून खोबणी केली, पॉलिश पेपरने धार घासून काढली. दहा मिनिटांचं काम, पण ते गिऱ्हाइकाने का करावं?

दांडा पोकळ पीव्हीसीचा, पडला की फरशीवर ठणकन वाजतो. आत जुनी चिंधी कोंबली, आवाज निम्म्याने गेला. रंग लाल. कुत्र्याच्या डोळ्याला पिवळा आणि निळा नीट कळतो, लाल आणि हिरवा एकमेकांत मिसळतात. म्हणजे हिरवळीवर लाल दांडा माणसाला उठून दिसतो आणि ज्याने उडी मारायची त्यालाच दिसत नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या पिवळ्या आणि निळ्या टेपचे पट्टे मारले. सुरुवातीला दांडा जमिनीवरच ठेवा, नुसतं ओलांडू द्या. वर्षाच्या आतलं पिल्लू असेल तर तिथेच थांबा, हाडांची टोकं भरलेली नसतात. आणि फरशीवर किंवा कोब्यावर उडी नको, मातीत घ्या.

रिंग. पट्ट्यांवर झुलते. झुलणारी वस्तू भित्र्या कुत्रीपुढे ठेवण्यात अर्थ नाही. पिशवीतच आहे.

काठ्या. वीव्ह पोल म्हणतात त्या, नागमोडी पळण्यासाठी. साठ सेंटिमीटर अंतराने लावायच्या. पाठीच्या कण्याला बराच पीळ बसतो, आणि भीती जायला यांचा उपयोग शून्य. चपळ कुत्र्याला मजा येईल. सध्या आमच्या वांग्यांना आधार म्हणून लावल्यात.

चौकोन. चार पाइप आणि चार कोपरे, हे बघून मी हसलो होतो. पण त्यात गोणपाट अंथरलं आणि तिथे बसलं की खाऊ, एवढंच शिकवलं. आता ती अडली की आपण होऊन चौकोनात जाऊन बसते आणि आमच्याकडे बघते. म्हणजे आज पुरे. तिला "नको" म्हणायची जागा मिळाली, आणि ती मिळाल्यापासून "नको" कमी वेळा येतं.

आता जे सेटमध्ये नाही आणि ज्याची खरी गरज आहे ते. फळी. पायाखालचं हलणं हीच ज्याची भीती, त्याला बोगदा अर्धंच काम करतो. अठरा मिलिमीटर प्लायवूडची आठ फूट लांब, एक फूट रुंद पट्टी कापून घ्या. एक फूट का, तर स्पर्धेतली डॉगवॉक (उंचावरून चालत जायची अरुंद फळी) आणि सी-सॉ (मध्ये टेकू असलेली, खालीवर होणारी फळी) यांची फळी तीस सेंटिमीटरचीच असते. वर गुळगुळीत ऑइलपेंट मारलात तर पहिल्याच पावलाला घसरेल. एमआयडीसीत टायर रिमोल्ड करणाऱ्याकडे रबराचा चुरा पोत्याने पडलेला असतो. फळीवर फेव्हिकॉल नव्हे, रबराचा सोल्यूशन गम पसरायचा, त्यावर चुरा चाळणीने टाकायचा, वाळला की झाडून घ्यायचा. नखं रुततात, पंजा सुटत नाही. आधी फळी सपाट जमिनीवर. मग दोन्ही टोकांखाली एकेक वीट.

शेजारी लाकडी शिडी आडवी पाडून ठेवा. पायऱ्यांमधून चालताना कुत्र्याला मागचे पाय उचलावे लागतात. बऱ्याच कुत्र्यांना पुढच्या पायांचं भान असतं, मागचे कुठे पडतात याचा पत्ताच नसतो. भीतीचा निम्मा भाग तिथे असतो. ठकीचा तरी होता.

फळीखाली मधोमध दोन इंची पाइप घातला की झाला सी-सॉ, टोक जेमतेम चार बोटं वर. स्पर्धेतला साठ सेंटिमीटर उंचीवर तोललेला असतो, तो घरात आणायचा विचारही करू नका. हलणं आणि धाडकन आपटणं अशा दोन भीती त्यात एकत्र आहेत, त्या आधी वेगळ्या केल्या. हलण्यासाठी टोकाखाली घडी केलेली गोधडी, म्हणजे आवाज नाही. आवाजासाठी निराळा खेळ: ठकीने पंजाने टोक दाबायचं, टोक गोधडीवर आपटायचं, खाऊ मिळायचा. आवाज ती स्वतः काढते तेव्हा तिला भीती वाटत नाही. मग गोधडीची एक घडी उलगडायची. नंतर नुसती टायरची पट्टी. एके सकाळी आम्ही चहा घेत होतो आणि ही एकटीच अंगणात फळी आपटत बसलेली. आमच्या हिने आतून ओरडून विचारलं, कोण दार वाजवतंय.

खाऊ नाकापुढे धरून चढवू नका, हे मात्र ठळक लिहितो. भुकेलं कुत्रं वासाच्या मागे वर जातं, खाऊ संपतो, मग खाली बघतं आणि थिजतं. नंतर तोच खाऊ बघून मागे सरतं. आधी पाऊल, मग खाऊ, आणि तो फळीवरच ठेवायचा.

जिना ती आता चढते. पत्र्याचं अजून नाव नको, गटाराच्या जाळीला वळसा आहेच.

किमतीला हा सेट महाग आहे. सुटा बोगदा मिळत असेल तर तेवढाच घ्या, निम्म्यात काम होईल. पूर्ण सेटला पाचपैकी अडीच तारे, त्यातले दोन बोगद्याचे, अर्धा चौकोनाचा. हर्डलच्या कड्यांबद्दल विक्रेत्याला फोटोसकट लिहिलं, "आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे" एवढं उत्तर आलं. फळीची मापं कोणाला हवी असतील तर खाली विचारा, कागदावर काढून टाकतो. विटेला फळी बांधणार असाल तर पट्ट्यांचे स्क्रू खालून मारा, वरून नको. डोकी कितीही ठोकून बसवली तरी पावसाळ्यानंतर वर येतात.