नौपाड्यातील खेळाडू-करार कार्यशाळा : एका पालकाचा अभिप्राय

ठाणे स्थानकापासून पायी दहा मिनिटांवर, नौपाड्यातील एका सभागृहात, तरुण खेळाडू आणि त्यांचे पालक यांच्यासाठी मानधनाच्या वाटाघाटींवर एक दिवसाची कार्यशाळा घेतली जाते. गेल्या महिन्यातील एका रविवारी मी माझ्या मुलासह तिला हजर राहिलो. दोघांचे मिळून तीन हजार रुपये शुल्क भरले. मुलगा एकवीस वर्षांचा असून कबड्डीत चढाईपटू आहे. त्याने आपला पहिला करार सराव संपल्यावर मैदानाच्या कडेलाच सही करून दिला होता. पुढे गुडघा दुखावल्याने त्याला सात आठवडे घरी बसावे लागले, तेव्हा न खेळलेल्या सामन्यांचे पैसे मिळणार नाहीत हे कलम आम्ही दोघांनी पहिल्यांदा वाचले. ती चूक पुन्हा होऊ नये, एवढाच हेतू मनात ठेवून आम्ही ऐरोलीहून सकाळची लोकल पकडली.

शिकवणाऱ्या वकीलबाईंनी सकाळचे सत्र अमेरिकेतील बेसबॉलपासून सुरू केले, तेव्हा कबड्डी-क्रिकेटच्या मुलांना याचा काय उपयोग, अशी शंका मला आली. तासाभरात ती फिटली, कारण त्या खेळात तरुण खेळाडूचा पगार कोणत्या टप्प्यावर कसा वाढतो, हे संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील सामूहिक करारात लिहून ठेवलेले आहे. साधारण पहिली तीन वर्षे खेळाडूच्या हाती जवळजवळ काहीच नसते. ठरलेल्या किमान पगाराच्या वर किती द्यायचे, हे संघ ठरवतो. हा किमान पगार २०२२ साली ७ लाख डॉलर होता, २०२६ साठी तो ७ लाख ८० हजार डॉलर आहे. माइक ट्राउट २०१२ साली सर्वोत्तम नवोदित ठरला, तरी पुढच्या वर्षी त्याला ५ लाख १० हजार डॉलरवरच खेळावे लागले. त्या वेळी किमान पगार ४ लाख ९० हजार होता. तीन वर्षांनंतर लवादाकडे जाण्याचा हक्क मिळतो आणि सहा वर्षांनंतर खेळाडू कोणत्याही संघाशी बोलणी करायला मोकळा होतो.

या हिशेबात मुख्य संघाकडील १७२ दिवसांची सेवा म्हणजे एक पूर्ण वर्ष. क्रिस ब्रायंट या खेळाडूला शिकागो कब्स संघाने २०१५ चा हंगाम सुरू झाल्यानंतर काही दिवसांनी खालच्या स्तरावरून मुख्य संघात बोलावले आणि त्याचे १७१ दिवस भरले. त्या एका दिवसापायी त्याचे मोकळे होणे वर्षभर लांबले. त्याने केलेली तक्रारही २०२० मध्ये फेटाळली गेली. हे ऐकताना मला माझा कारखाना आठवला. ठाणे-बेलापूर पट्ट्यात मी सव्वीस वर्षे नोकरी केली, त्यातली नऊ वर्षे युनियनच्या कमिटीवर होतो. हंगामी कामगाराचे सलग सेवेसाठी लागणारे २४० दिवस भरण्याआधी त्याला ब्रेक कसा दिला जातो, हे मी जवळून पाहिले आहे. खेळ निराळा आणि देश निराळा असला, तरी दिवस मोजणारे डोके एकच आहे. मुलाला मी हे तिथेच कानात सांगितले, आणि माझ्या नोकरीविषयी त्याने आपणहून प्रश्न विचारण्याची ती पहिली वेळ होती.

कार्यशाळेचा खरा कस दुपारच्या सत्रात लागतो. बेसबॉलच्या लवादात खेळाडू आपला आकडा देतो, संघ आपला देतो, आणि तीन जणांचे मंडळ त्यांपैकी एकच निवडते. मधला आकडा काढण्याची त्यांना मुभा नसते. त्यामुळे खेळाडूची किंमत दोन आकड्यांच्या मध्यबिंदूच्या वर आहे की खाली, एवढाच प्रश्न उरतो आणि अवाच्या सवा आकडा मागणाऱ्याचे नुकसान होते. २०२३ मध्ये गोलंदाजासारखी भूमिका असणाऱ्या कॉर्बिन बर्न्स या पिचरने १ कोटी ७ लाख ५० हजार डॉलर मागितले होते, तर मिलवॉकी संघाने १ कोटी १० हजार देऊ केले. तो हरला, आणि सुनावणीत आपल्याविषयी जे बोलले गेले त्याने संघाशी असलेले नाते दुखावले, असे त्याने उघडपणे सांगितले.

हीच सुनावणी आमच्याकडून करून घेतली गेली. माझ्या मुलाला संघाच्या बाजूने नेरूळच्या एका तरुण गोलंदाज मुलीविरुद्ध बोलायचे होते. शेवटच्या षटकांत तिच्या धावा जातात, हे त्याने चाचरत वाचले, तेव्हा तिने हातातले पेन खाली ठेवले. मग बाजू बदलल्या. त्या मुलीने त्याच्या चौदा सामन्यांचा कागद समोर ठेवून, उत्तरार्धात त्याचे गुण कसे घटतात आणि तिसऱ्या चढाईला तो किती वेळा पकडला जातो, हे शांतपणे मांडले. तो लाल झाला, पण सत्र संपल्यावर त्याने तोच कागद तिच्याकडून मागून घेतला. मागणीपत्र लिहिण्याआधी व्यवस्थापनाची बाजू आपणच लिहून काढायची, हे आम्ही कमिटीत ठेचा खाऊन शिकलो होतो. इथे मुलांना ते एका दुपारी कळले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. आपल्याकडच्या कबड्डीपटूला असा लवादाचा हक्क नाही, त्याच्यामागे बेसबॉलसारखी बळकट संघटना नाही. मग एकट्याने आकडा घेऊन कोणाच्या दारात जायचे, या प्रश्नाला जेमतेम वीस मिनिटे मिळाली. दुखापतीच्या कलमावर मात्र वकीलबाई सविस्तर बोलल्या, आणि आमचा जुना करार वाचून त्यातल्या तीन ओळींखाली त्यांनी स्वतः रेघा मारून दिल्या. माझे शुल्क तिथेच वसूल झाले. सभागृह दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, त्यामुळे गुडघ्याला पट्टा बांधलेल्या मुलांचे हाल होतात. टिपणांची पुस्तिका संपूर्ण इंग्रजीत आहे. समोर बसलेल्या चाळीसएक जणांपैकी निम्मे पालक ती उलटीसुलटी करून पिशवीत ठेवत होते, म्हणून पुढच्या तुकडीआधी ती मराठीत छापावी, अशी विनंती मी आयोजकांना लेखी दिली आहे.